झोपायची सोय चोवीस जणांची

तळ्याकाठच्या सुट्टीच्या घराची जाहिरात पाहिली की एक आकडा आधी डोळ्यांत भरतो: झोपायची सोय २४ जणांची. आकडा खोटा नसतो. सोफे उघडून पलंग होतात, माळ्यावर गाद्या पडतात, मुलांच्या खोलीत दुमजली पलंग असतात. मोजून २४ पाठी टेकतात. पण त्या २४ जणांना अंघोळ करायची असते, एकत्र जेवायचं असतं, रात्री दोनदा उठायचं असतं. कुणाला दुपारी डुलकी हवी असते आणि कुणाला नेमकी तेव्हाच लपाछपी खेळायची असते. या सगळ्याचे आकडे वेगळे असतात आणि ते जाहिरातीत नसतात.

चार पिढ्या एका छपराखाली आल्या की तिसऱ्या दिवशी घरात एक बारीक ताण जाणवायला लागतो. आपण तो लगेच स्वभावांच्या खात्यावर मांडतो. मोठ्या काकूंना सगळं त्यांच्याच मनासारखं हवं, भाचा आळशी, जावईबापू फटकळ. स्वभाव असतातच, पण ते वर्षभर असतात, आणि लांब राहून वर्षभर निभावतातही. नेमके तिसऱ्या दिवशीच ते उफाळून येतात, त्यामागे बहुतेक वेळा घरातली एखादी अरुंद जागा असते. एकच संडास, एकच गिझर, एकच टेबल, एकच शांत कोपरा. ती जागा आधी हेरून मोकळी केली, तर निम्मी भांडणं जन्मालाच येत नाहीत.

गरम पाण्याचंच बघा. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो आणि तरी कुणी करत नाही. समजा १५० लिटरची टाकी आहे, पाणी ६० अंशांपर्यंत तापतं आणि नळाला येणारं पाणी १५ अंशांचं आहे. शॉवरखाली आपल्याला ३९ अंशांच्या आसपासचं पाणी लागतं, म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त गरम, बाकीचं गार. साधा शॉवर मिनिटाला ९ लिटर सोडतो. त्यातलं जवळपास ५ लिटर टाकीतून जातं. वापर सुरू झाला की टाकीत खालून गार पाणी शिरतं, त्यामुळे १५० पैकी १२० लिटरच कामाचे धरावेत. हाती आली २४ मिनिटं. आठ-आठ मिनिटांच्या तीन अंघोळी. चौथा माणूस साबण लावलेल्या अंगाने ओरडतो. तीन किलोवॅटची कॉइल तीच टाकी पुन्हा तापवायला अडीच तासांहून अधिक घेते. या वेगाने २४ अंघोळींना जवळपास अख्खा दिवस लागेल. तेच बादलीने केलं, तर १८ लिटरच्या बादलीत टाकीतलं गरम पाणी १० लिटरच्या आत लागतं आणि त्याच टाकीत डझनभर माणसं उरकतात. बादली नको असेल, तर निम्म्यांनी सकाळी आणि निम्म्यांनी रात्री, असं पहिल्याच संध्याकाळी ठरवून टाकावं. मुलं तळ्यातून आली की त्यांना बाहेरच्या नळावर खळबळून घ्यावं आणि गिझरच्या रांगेतून वगळावं. आजी-आजोबांची वेळ सर्वांत आधी राखून ठेवावी. रांग कुठे संपते हे ठाऊक असलं की माणसं रांगेला रागावत नाहीत.

वापरलेलं पाणी कुठे जातं, हा त्याच्या पुढचा प्रश्न. गावापासून दूर असलेल्या तळ्याकाठच्या घरांना बहुधा गटारलाइन नसते. सेप्टिक टँक असतो. त्याचं आकारमान ठरतं झोपायच्या खोल्यांवरून, खोलीमागे साधारण दोन माणसं धरून. चार खोल्यांच्या घराची टाकी आठ जणांच्या बेताने बांधलेली असते. सोफे कितीही उघडले तरी ती मोठी होत नाही. टाकीत जड गाळ तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधलं त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी छिद्रांच्या पाइपांमधून जमिनीत मुरतं. गाळ खाली बसायला पाणी टाकीत पुरेसा वेळ, निदान एखादा दिवस, थांबावं लागतं. तिप्पट माणसांचं पाणी आलं की ते थांबत नाही. गाळाला सोबत घेऊन पुढे जातं आणि जमिनीतली छिद्रं बुजवतं. त्यात तळ्याशेजारी भूजल आधीच वर असतं आणि पावसाच्या दिवसांत जमीन भिजलेली असते, मग मुरणार कुठे?

पहिली खूण कानाला कळते. वरच्या मजल्यावर कुणी अंघोळ करतो आणि खालच्या संडासात गुडगुड आवाज येतो. त्या क्षणी पाण्याचा वापर थांबवायचा. पुन्हा फ्लश करून बघायचं नाही. घर ठरवताना मालकाला विचारावं की टाकी शेवटची कधी उपसली होती; तीन ते पाच वर्षांत एकदा उपसावी लागते. मुक्कामात कपडे धुण्याचं यंत्र बंद ठेवावं. वेट वाइप्स, पाकिटावर ‘फ्लश करता येतात’ असं छापलेले धरून, कचऱ्याच्या डब्यात जावेत. आणि प्रत्येक संडासात झाकणाचा डबा असावा, नाहीतर ही सूचना केवळ भिंतीवरचं वाचन होते.

वीज थोडक्यात. १६ अँपिअरच्या सर्किटवर २३० व्होल्टला ३,६८० वॉट मिळतात. दोन हजारांची किटली आणि १,८०० चा हेअर ड्रायर एकाच वेळी लागले की हिशेब ओलांडतो आणि सकाळी साडेआठला अर्ध्या घराची वीज जाऊ शकते. कुठलं बटण कुठल्या खोलीचं आहे हे पोचल्याबरोबर एकाने पाहून ठेवावं.

आता पाणी, तळ्याचं. इथे अरुंद जागा असते ती लक्षाची. काठावर दहा मोठी माणसं बसलेली असतात, म्हणून प्रत्येकाला वाटतं की मुलांकडे कुणीतरी बघतंय. दहाही जण गप्पांमध्ये असतात. एकट्या आईसोबत तळ्यावर गेलेलं मूल कधीकधी या गर्दीतल्या मुलापेक्षा सुरक्षित असतं, कारण त्या आईला आपल्याशिवाय दुसरं कुणी नाही हे पक्कं ठाऊक असतं.

बुडणारा माणूस ओरडत नाही. फ्रँक पिया या अमेरिकन जीवरक्षकाने १९७० च्या दशकात बुडणाऱ्यांच्या हालचालींचं चित्रण करून हे दाखवून दिलं. तोंड पाण्याच्या वर येतं ते जेमतेम श्वास घेण्यापुरतं, हाकेला श्वास उरत नाही. हात हलवून बोलावताही येत नाही, कारण हात आपोआप बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात. शरीर उभंच राहतं, पाय जवळजवळ हलत नाहीत, डोकं मागे कलतं. हे सगळं २० ते ६० सेकंद चालतं. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, मूल खेळतंय. म्हणून आरडाओरडा करणाऱ्या मुलांची काळजी जरा कमी करावी. जे अचानक गप्प झालंय त्याच्याकडे धावावं.

उपाय साधा आहे, पण कडकपणे पाळावा लागतो. एका वेळी एकच माणूस राखणदार, पाळी १५ मिनिटांची. गळ्यात शिट्टी, हातात फोन नाही, पुस्तक नाही, पेला नाही. पाळी संपली म्हणून उठून जायचं नाही. पुढच्याच्या गळ्यात शिट्टी घालून, पाण्यात किती मुलं आहेत तो आकडा मोठ्याने सांगून मगच उठायचं. अर्धा-पाऊण तासाची पाळी कुणी देऊ नये. इतका वेळ डोळे पाण्यावर राहिले तरी लक्ष राहत नाही. राखणदाराला पोहता यायलाच हवं. काका मंडळींपैकी ‘आमच्या वेळी आम्ही असेच शिकलो’ म्हणणारे एक तरी असतात. त्यांना पहिली पाळी द्यावी, शिट्टीचं वजन कळतं.

लहान मुलांचे बरेच अपघात पोहण्याच्या वेळेत होतच नाहीत. ते होतात पोचल्यावर सामान उतरवताना, दुपारच्या जेवणानंतर आवराआवर चालू असताना, निघायच्या सकाळी. म्हणजे मूल पाण्याकडे जाईल असं कुणाच्या मनातही नसतं तेव्हा. म्हणून गाडी थांबल्यावर पहिलं काम डिकी उघडणं नव्हे. तळ्याच्या बाजूचा दरवाजा बंद होतो का, त्याची कडी मुलाच्या हाताला लागते का, ते आधी बघायचं. मूल दिसेनासं झालं तर कपाटं नंतर, आधी पाणी.

लाइफ जॅकेट किती जोराने तरंगवतं याचा आकडा त्यावर न्यूटनमध्ये छापलेला असतो: ५०, १००, १५० किंवा २७५. पन्नासवालं चांगलं पोहता येणाऱ्यासाठी असतं. ते बेशुद्ध माणसाचं तोंड वर वळवत नाही. पोहता न येणाऱ्यांना आणि लहानांना किमान १०० चं हवं, वजनाच्या मापाचं, आणि मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा असावा. पट्टे आवळल्यावर खांद्यांना धरून जॅकेट वर उचलून बघावं. ते कानांपर्यंत सरकलं तर ढिलं आहे. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून एक माप मोठं घेतलेलं जॅकेट यंदा कामाचं नसतं. दंडावरच्या हवेच्या फुग्यांना तर यात धरूच नये, ते खेळणं आहे. फुगवलेले हंस आणि मगरीही खेळणीच. काठावर झाडांच्या आडोशाला वारा नसतो, म्हणून सगळं शांत वाटतं. पण वारा जमिनीकडून तळ्याकडे वाहत असेल तर २०-३० मीटर आत गेल्यावर तो हंसाला पकडतो, आणि वल्हवणाऱ्या लहान हातांना परत येणं जमत नाही. मुलांना एवढं पाठ करायला लावावं: चेंडू गेला तर जाऊ दे.

तळ्याचं पाणी वरून एक आणि आतून दुसरंच असतं. उन्हाळ्यात तापलेला हलका थर वर राहतो. खोल तळ्यात काही मीटर खाली गेलं की तापमान एकदम घसरतं. धक्क्यावरून सूर मारणारा त्या गार थरात शिरतो. वसंतात तर हवा गरम आणि पाणी मात्र हिवाळ्यातलंच असतं, कारण एवढ्या पाण्याला तापायला आठवडे लागतात. १५ अंशांखालच्या पाण्यात अंग एकदम बुडालं की श्वास आपोआप आत ओढला जातो. त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर उत्तम पोहणाराही गटांगळी खातो. त्यामुळे पहिल्या दिवशी पायऱ्यांवरून हळूहळू उतरावं. उडी मारायची हौस खोली मोजून आणि पाणी पारखून झाल्यावर. पाण्यावर हिरव्या रंगाची तवंगासारखी साय दिसली तर कुणीच उतरू नये, कुत्र्यालाही सोडू नये. ती निळ्या-हिरव्या सूक्ष्मजीवांची वाढ असू शकते. त्यांतले काही विष तयार करतात आणि ते पाणी उकळल्यानेही जात नाही. उथळ, शेवाळलेल्या पाण्यात खेळल्यावर अंगावर खाजरे पुरळ येतात ते बहुधा बदकं आणि गोगलगायींच्या परजीवींमुळे. बाहेर आल्याबरोबर टॉवेलने खसाखसा पुसलं तर त्रास कमी होतो. आणि वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला की सगळे पाण्याबाहेर. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पुन्हा उतरायचं नाही, मुलांनी कितीही गळ घातली तरी.

कुणी बुडताना दिसलं तर मागे उडी घेणं हा शेवटचा उपाय. आधी काठी किंवा वल्हं पुढे करायचं, तरंगणारं काही फेकायचं, होडी न्यायची. धक्क्यावर १५ ते २० मीटर लांबीची दोरी आणि तिला बांधलेलं तरंगणारं कडं दिसेल असं टांगलेलं असावं, आणि एकदा सगळ्यांनी फेकून बघावं. पहिल्या खेपेला बहुतेकांचा नेम चुकतो. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर एकाने फोन करायचा आणि दुसऱ्याने तोंडाने श्वास देण्यापासून सुरुवात करायची. युरोपातल्या मार्गदर्शक सूचना आधी पाच श्वास सांगतात, अमेरिकेतल्या दोन. मग छातीवर ३० दाब आणि दोन श्वास, दाबांचा वेग मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाईल इतके. पोट दाबून पाणी काढायला जाऊ नये. उलटी होते आणि ती श्वासनलिकेत उतरते. घराचा नेमका पत्ता, रस्त्यावरची खूण आणि फोनला रेंज कुठे मिळते ते फ्रिजवर लिहून लावावं. घाबरलेल्या माणसाला भाड्याच्या घराचा पत्ता आठवत नाही.

पाण्याबाहेरचा मोठा धोका हसतमुख असतो: सामुदायिक फोटो. सगळे डेकवर, म्हणजे घराला जोडलेल्या लाकडी ओट्यावर, कठड्याला टेकून, मागे तळं. डेक चौरस मीटरला साधारण १९५ किलो भार पेलेल असा बांधण्याचा प्रघात बऱ्याच ठिकाणी आहे. १२ चौरस मीटरच्या डेकवर २४ माणसं या हिशेबात बसतात. पण हिशेब धडधाकट लाकडाचा असतो. डेक कोसळतात ते बहुधा घराच्या भिंतीशी जोडलेली आडवी फळी निसटल्यामुळे. ती बोल्टऐवजी नुसत्या खिळ्यांवर असते किंवा तिच्यामागे पाणी साचून ती कुजलेली असते. खाली वाकून बघावं: बोल्टची डोकी दिसतात का, गंजलेत का, स्क्रूड्रायव्हर लाकडात सहज घुसतो का. तरंगत्या धक्क्याचं वेगळंच. सगळे एका कडेला सरकले की तो कलतो, आणि पहिली घसरते ती आजीची खुर्ची. यापेक्षा सोपं म्हणजे माणसं खाली गवतावर आणि कॅमेरेवाला एकटा डेकवर. सगळ्यांनी वर बघितलं की मागच्या रांगेतली तोंडंही दिसतात आणि हनुवट्याही सुबक येतात. तळ्याचा हट्ट सोडावा. पाण्यावरून परतणाऱ्या उजेडाने डोळे बारीक होतात. झाडाची किंवा घराची एकसारखी सावली बरी.

किती फोटो काढावेत यावर ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी गणित मांडलं आणि त्याला २००६ चं गणिताचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. विसांहून कमी माणसं आणि चांगला उजेड असेल तर माणसांच्या संख्येला तीनने भागा, उजेड कमी असेल तर दोनने. तितक्या फोटोंत एक तरी असा सापडावा ज्यात कुणाचेच डोळे मिटलेले नाहीत. चोवीस जणांना दहा-बारा काढून ठेवावेत. पूर्ण घराण्याचा फोटो आधी, मग मुलांना सोडून द्यायचं, मग एकेक शाखा. उलट क्रम लावला तर शेवटच्या मोठ्या फोटोपर्यंत तान्हं रडवेलं आणि पणजोबा थकलेले असतात. फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी उरकावा. शेवटच्या दिवसावर ठेवलेल्या फोटोत कुणीतरी आधीच निघून गेलेलं असतं.

जेवणाच्या टेबलाला माणशी ६० सेंटिमीटर लागतात, म्हणजे २४ जणांना सात मीटरहून लांब टेबल. तसं ते मिळालं तरी गप्पा सलग होत नाहीत. मानवी गटांचा अभ्यास करणारे रॉबिन डनबार यांना आपसूक जमणाऱ्या बोलण्यात एका वेळी साधारण चारच माणसं आढळली. पाचवा आला की थोड्याच वेळात त्या गप्पांच्या दोन गप्पा होतात. लांब टेबलावर अशा पाच-सहा गप्पा एकमेकींवर आवाज चढवत राहतात आणि त्यात ज्याला ऐकू कमी येतं तो हरवतो. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ ही व्यंजनं त्याच पट्टीतली. आजोबांना कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. मग ते मान हलवतात आणि आपण म्हणतो, हल्ली त्यांना कशात रस उरला नाही. त्यांना कोपऱ्यात, भिंतीला पाठ करून बसवावं, म्हणजे मागून येणारा गोंगाट थांबतो. उजेड बोलणाऱ्यांच्या तोंडांवर पडावा, आजोबांच्या डोळ्यांवर नव्हे. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या नातीचे ओठ त्यांना वाचता येत नाहीत. शेजारी एकच माणूस, नेहमीच्या आवाजात, सावकाश बोलणारा. ओरडल्याने व्यंजनं स्पष्ट होत नाहीत, नुसता स्वर मोठा होतो. सहा-सहा जणांची चार टेबलं आणि दर जेवणाला अदलाबदल, हे एका लांब टेबलापेक्षा कितीतरी बरं. एकच जेवण सगळ्यांनी एका पंगतीत करावं.

स्वयंपाकघरात मात्र वेगळीच अडचण. तिथे ओट्याशी दोनच माणसं मावतात आणि ती नेहमी तीच दोन असतात, बहुतेक वेळा घरातल्या बायका. त्यांची सुट्टी म्हणजे जास्त माणसांचा स्वयंपाक. दर जेवणाला तिघांचं पथक नेमावं: एक साठीपुढचा, एक मधल्या पिढीतला, एक किशोरवयीन. नावं कागदावर लिहून भिंतीला लावावीत. ‘कुणीतरी करेल’ यातलं कुणीतरी कोण हे सगळ्यांना माहीत असतं. मोठ्या पातेल्यातलं उरलेलं अन्न पातेल्यातच गार होऊ देऊ नये. मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो आणि काही जिवाणूंना तेवढंच हवं असतं. पाच-सात सेंटिमीटर खोलीच्या पसरट भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावं. चोवीस जणांचं पोट एकाच रात्री बिघडलं, तर वर सांगितलेला संडासाचा हिशेब आठवावा.

घराला चार घड्याळं असतात. किशोरवयात शरीराचं घड्याळ खरोखरच पुढे सरकतं. रात्री उशिरा झोप आणि सकाळी उशिरा जाग, हा त्यांचा आळस नव्हे. म्हातारपणी तेच घड्याळ मागे येतं. तान्ह्याचं घड्याळ कुणाच्याच ताब्यात नसतं. आजोबा पाचला उठतात, नातू अकराला. मधले सहा तास घरात कुणी ना कुणी झोपलेलं असतं आणि कुणी ना कुणी भांडी वाजवत असतं. यावर नैतिक उपाय नाही, खोल्यांचा आहे. पहाटे उठणाऱ्यांना स्वयंपाकघराजवळची तळमजल्याची खोली, तरुणांना सर्वांत लांबचं टोक किंवा माळा, तान्ह्याच्या आईबापांना दार नीट लागणारी खोली, मग ती कितीही लहान असो. न्याहारीची एक वेळ ठरवूच नये. सात ते अकरा झाकून ठेवायची. वडीलधाऱ्यांच्या पलंगाची उंची ४५ ते ५० सेंटिमीटर असावी, पाय जमिनीला टेकतील आणि उठताना गुडघ्यांवर भार येणार नाही अशी. पलंगापासून संडासापर्यंतची वाट रात्री स्वतः चालून बघावी. अनोळखी घरात पडणं होतं ते बहुधा या वाटेवर. सुटी चटई, अर्ध्या पायरीचा उंबरठा, न सापडणारं बटण. दोन रात्रदिवे सोबत न्यावेत.

रात्री धक्क्यावर बसून घरच्यांविषयी बोलणाऱ्यांसाठी एक भौतिकशास्त्र. संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो. वर जाणारा आवाज त्या थरातून खाली वाकतो आणि सपाट पाण्यावरून फार लांब जातो. जाऊबाईंबद्दलचं कुजबुजतं मत पलीकडच्या काठालाही कळतं, मग व्हरांड्यात बसलेल्या जाऊबाईंना तर कळेलच.

जुन्या गोष्टी काढायला मात्र गर्दी नको. दोन नातवंडं, एक आजी, पडदे-गाद्या असलेली खोली, फोन पालथा घालून तिच्यापासून हातभर अंतरावर. तळ्याकाठी ध्वनिमुद्रण करू नये, वारा माइकमध्ये नुसता फडफडतो. ‘तुमच्या वेळचं सांगा ना’ या प्रश्नाला उत्तर येत नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना दहा ते तीस या वयातलं तुलनेने जास्त आठवतं, असं स्मृतीच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. प्रश्न त्या वर्षांचे विचारावेत. कागद पुढे ठेवून लहानपणच्या घराचा नकाशा काढायला सांगावा: दार कुठे, चूल कुठे, कोण कुठे झोपायचं. नकाशा काढताना माणसं आपोआप त्यात फिरायला लागतात. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिव्हुश यांनी मुलांना घराण्याविषयी वीस प्रश्न विचारले होते: आईबाप कुठे भेटले, आजी-आजोबा कुठे वाढले, या धर्तीचे. ज्यांना जास्त उत्तरं येत होती त्यांचा आत्मविश्वासही जास्त दिसला. प्रश्नपत्रिका पाठ करून घेतल्याने ते होत नाही हे त्यांनीच बजावलं आहे. ती माहिती मुलाच्या कानावर पडते अशी जेवणं आणि असे प्रवास त्या घरात होतात, महत्त्व त्याला.

पैशांचं आधी ठरवावं. भाडं खोलीप्रमाणे, जेवणखाण माणशी दिवसाप्रमाणे. बारा वर्षांखालच्यांना अर्धं, तान्ह्याला काही नाही. एका रात्रीसाठी येणाऱ्याने तिन्ही रात्रींचं भाडं द्यायचं की नाही, हा प्रश्न तो येण्यापूर्वी सुटलेला असावा. तारखेसाठी सगळ्यांना ‘कधी जमेल’ विचारू नये. तीन तारखा द्याव्यात आणि दोन वेगवेगळ्या शाखांतल्या दोघांनी त्यातली एक ठरवून मोकळं व्हावं. मुक्काम तीन रात्रींचा पुरे. चौथ्या रात्री सेप्टिक टँक आणि माणसं दोन्ही भरलेली असतात.

निघायच्या सकाळी लांबचा प्रवास असणारे पहाटेच निघतात आणि साफसफाई जवळच्यांच्या गळ्यात पडते. दरवर्षी त्याच त्या शाखेच्या. म्हणून झाडलोट आदल्या संध्याकाळीच सगळ्यांनी मिळून करावी, सकाळसाठी चादरी, कचरा आणि फ्रिज एवढंच उरावं. विसरल्या जाणाऱ्या वस्तू ठरलेल्या असतात: भिंतीतले चार्जर, दोरीवरचे ओले कपडे, उशीखालचा चष्मा, श्रवणयंत्राचा डबा, आणि फ्रिजच्या दारातलं इन्सुलिन. शेवटच्या वस्तूवर उपाय आहे. गाडीची किल्ली रात्रीच त्या इन्सुलिनच्या डब्याशेजारी फ्रिजमध्ये ठेवावी.